बाळाने शी केली का?

प्रसूतिगृहात सकाळी नर्स बाळंतिणीच्या खाटेशी आली की दोन गोष्टी हमखास विचारते. बाळाने शू केली का? आणि शी केली का? भेटायला आलेल्या नातेवाइकांना या चौकशीचे हसू येते. बाळ कोणाच्या वळणावर गेले, वजन किती भरले, नाक आजीचे की आत्याचे, हे त्यांच्या कुतूहलाचे विषय असतात. पण नर्सच्या त्या दुसऱ्या साध्या प्रश्नामागे फार मोठा अनुभव आहे. बाळाच्या आतड्याची वाट मोकळी आहे की नाही, हे त्या उत्तरावरून कळू लागते.

पूर्ण दिवसांचे निरोगी बाळ बहुधा पहिल्या २४ तासांत पहिली शी करते. ती काळसर हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते. गर्भात असताना गिळलेले गर्भजल, आतड्यातील स्राव, झडलेल्या पेशी आणि पित्त यांची ती बनलेली असते. डॉक्टर तिला मेकोनियम म्हणतात. पूर्ण दिवसांच्या शंभरातील सुमारे ९९ बाळांना ४८ तासांच्या आत ही शी होते. दिवस कमी भरलेल्या बाळांना थोडा अधिक वेळ लागू शकतो. म्हणूनच पहिला दिवस कोरडा गेला तर डॉक्टरांच्या कानावर घालावे आणि दुसरा दिवसही तसाच गेला तर तपासणी झाल्याशिवाय बाळाला घरी नेऊ नये.

हिरव्या रंगाचा इशारा

तान्हे बाळ दुधाची गुळणी टाकतेच. पांढरी, दह्याच्या कवड्यांसारखी गुळणी टाकून बाळ पुन्हा हसतखेळत दूध ओढू लागले तर काळजीचे कारण नसते. पहिल्या दोन-तीन दिवसांतील चिकाचा रंग मुळातच पिवळसर असतो, त्यामुळे गुळणीही तशी दिसते. पण उलटी पालकाच्या रसासारखी हिरवी असेल, तर गोष्ट वेगळी आहे. हिरवा रंग पित्ताचा. यकृतातून निघालेले पित्त लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरते आणि खाली वाहत जाते. पुढची वाट बंद असली की ते उलटे फिरून जठरात येते आणि उलटीवाटे बाहेर पडते.

हिरव्या उलटीमागे दर वेळी अडथळाच असतो असे नाही. रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गानेही बाळाचे पोट फुगते आणि उलट्या होतात. पण तोही तितकाच गंभीर आजार आहे आणि दोहोंतला फरक घरी बसून कळत नाही. जगभरचे बालशल्यचिकित्सक एक नियम पाळतात. नवजात बाळाची हिरवी उलटी ही तपासणीने शंका फिटेपर्यंत आतड्याच्या अडथळ्याचीच समजायची.

या घाईचे खरे कारण म्हणजे आतड्याला पडणारा पीळ. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास वाढणाऱ्या आतड्याला पोटात जागा पुरत नाही. ते नाळेत शिरते, तिथे वाढते आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पोटात परतते. या जाण्यायेण्यात ते स्वतःभोवती पाऊण फेरा फिरते आणि मग पोटाच्या मागच्या भिंतीला ठिकठिकाणी पक्के होते. हा फेरा अपुरा राहिला तर आतडे एका अरुंद देठावर लोंबकळत राहते आणि केव्हाही पिळले जाऊ शकते. पिळासरशी रक्तवाहिन्याही आवळल्या जातात. मग काही तासांत जवळजवळ सगळे लहान आतडे काळे पडू शकते. असे बाळ जन्मतः अगदी चांगले असते, शीही वेळेवर करते आणि आठव्या-दहाव्या दिवशी अचानक हिरवे ओकते. पोट सुरुवातीला फुगलेलेही नसते. म्हणून ‘शी तर झाली होती’ या एका गोष्टीवर विसंबून राहणे धोक्याचे ठरते. बोस्टनचे शल्यचिकित्सक विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये मांडलेली या दोषावरची शस्त्रक्रिया आजही त्यांच्याच नावाने केली जाते.

वाट कुठे कुठे अडते?

जठराला लागून असलेल्या आतड्याच्या पहिल्या भागाला ड्युओडिनम म्हणतात. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत या नळीची पोकळी पेशींनी भरून जाते आणि मग पुन्हा मोकळी होते. ती मोकळी झाली नाही तर नळी बंदच राहते. साधारण पाच ते दहा हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. क्ष-किरण चित्रात जठरातील हवेचा एक मोठा आणि ड्युओडिनममधील हवेचा एक लहान असे दोन बुडबुडे शेजारी शेजारी दिसतात. गर्भारपणाच्या सोनोग्राफीतही पुष्कळदा हेच दोन बुडबुडे दिसतात. गर्भातले बाळ रोज अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त गर्भजल गिळत असते. वरची वाट बंद असली की ते पुढे शोषले जात नाही आणि आईच्या पोटातील पाणी वाढते. ‘पाणी जास्त आहे’ असा शेरा सोनोग्राफीच्या कागदावर असेल तर त्याचे कारण डॉक्टरांना विचारून घ्यावे.

त्याखालच्या लहान आतड्यातील अडथळ्याची कथा निराळी आहे. तिथे मधलाच तुकडा नाहीसा झालेला असतो आणि दोन्ही टोके बंद असतात. हाही मुळातला घडणीचाच दोष असावा, असे पूर्वी मानत. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे जे. एच. लाऊ आणि त्यांचे तरुण सहकारी क्रिस्तियान बर्नार्ड यांना ते पटेना. बर्नार्ड यांनी गाभण कुत्रीच्या गर्भाशयातील पिल्लाच्या आतड्याचा रक्तपुरवठा तोडला, गर्भाशय शिवले आणि पिल्लू जन्मण्याची वाट पाहिली. जन्मलेल्या पिल्लाच्या आतड्यात नेमका तसाच अडथळा सापडला. १९५५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. आतडे आधी नीट घडलेले असते आणि नंतर गर्भातच एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटून तो भाग विरून जातो, हे त्यातून दिसले. शस्त्रक्रियाही त्यामुळे सुधारली. रक्तपुरवठा कमी असलेली फुगीर टोके कापून टाकून मगच आतडे जोडावे, हे कळले आणि पूर्वी दगावणारी बाळे वाचू लागली. हेच बर्नार्ड ३ डिसेंबर १९६७ रोजी माणसावरील पहिल्या हृदयारोपणामुळे जगप्रसिद्ध झाले. त्यांच्या या आधीच्या कामाची आठवण मात्र क्वचितच निघते.

तिसरा प्रकार मोठ्या आतड्याचा. यात नळी दिसायला अखंड असते, पण शेवटच्या भागात आतड्याला हालचाल करायला लावणाऱ्या मज्जापेशीच नसतात. या पेशी गर्भात पाचव्या ते बाराव्या आठवड्यांत वरून खाली सरकत येतात. त्या वाटेतच थांबल्या तर खालचा भाग सदैव आवळलेला राहतो आणि मळ वर तुंबतो. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये अशा दोन बालकांची हकिकत बर्लिनमध्ये सांगितली, म्हणून या विकाराला त्यांचे नाव मिळाले. सुमारे पाच हजारांत एका बाळाला तो होतो. त्यात मुलगे मुलींच्या चौपट असतात. आतड्याच्या आतून कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की निदान पक्के होते. १९४८ मध्ये ऑर्व्हार स्वेन्सन यांनी पेशी नसलेला भाग काढून निरोगी आतडे खाली ओढून जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि या मुलांना चांगले आयुष्य मिळू लागले. हा विकार सौम्य असला तर ‘मुलाला बद्धकोष्ठ आहे’ म्हणून वर्षानुवर्षे एरंडेल पाजले जाते. जन्मापासून शीची तक्रार, टणक फुगलेले पोट आणि न भरणारे वजन ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर या विकाराची तपासणी करून घ्यायला हवी.

आणखी एका प्रकारात आतडे नीट असते, पण पहिली शीच इतकी घट्ट आणि चिवट असते की ती बुचासारखी अडकून बसते. यामागे बहुधा सिस्टिक फायब्रोसिस नावाचा आजार असतो. त्यात शरीरातील अनेक स्राव दाट होतात आणि घाम नेहमीपेक्षा खारट होतो. काही बाळांत विशिष्ट औषधाच्या एनिम्याने हा बूच सुटतो, इतरांना शस्त्रक्रिया लागते. पुढे फुप्फुसे आणि पचन यांची काळजी आयुष्यभर घ्यावी लागते.

शेवटचा दोष डोळ्यांनी दिसणारा, तरीही कधी कधी नजरेतून सुटणारा. तो म्हणजे शीची जागाच नसणे किंवा ती भलत्या ठिकाणी असणे. जन्मल्याबरोबर बाळाला उलटे करून पाहिले की तो कळतो. घरी बाळंतपण झाले असेल तर सुईणीने किंवा आशाताईने हे आवर्जून पाहावे.

दोष कोणाचा?

बाळाला शस्त्रक्रियेसाठी नेले की घरात दुसरीच चर्चा सुरू होते. सुनेने ग्रहणात भाजी चिरली असेल, डोहाळे पुरवले नसतील, तिच्या माहेरी कोणाला तरी असेच झाले असेल. ओल्या बाळंतिणीला हे सारे ऐकावे लागते. यातील ग्रहण आणि डोहाळे यांचा आतड्याच्या घडणीशी काहीही संबंध नाही. आनुवंशिकतेचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचे उत्तर अडथळ्याच्या प्रकारागणिक बदलते.

लहान आतड्याचा रक्तपुरवठा तुटून झालेला अडथळा हा बहुतेक वेळा गर्भातील अपघात असतो. तो आईकडून येत नाही, वडिलांकडूनही येत नाही. पुढच्या बाळाला तो होण्याची शक्यता सहसा फारच कमी असते.

ड्युओडिनम बंद असलेल्या बाळांपैकी सुमारे तिसरा हिस्सा डाऊन सिंड्रोमची असतात. या बाळांत एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते. बहुतेकदा ही चूक बीज तयार होताना योगायोगाने घडते आणि आईच्या वयाबरोबर तिची शक्यता वाढते. थोड्या कुटुंबांत मात्र आई किंवा वडील यांच्याच गुणसूत्रांची मांडणी थोडी वेगळी असते आणि मग पुढच्या बाळालाही धोका राहतो. म्हणून अशा बाळाच्या रक्तातील गुणसूत्रांची तपासणी करून घ्यावी. तिच्या निकालावर पुढचा सल्ला ठरतो. या बाळांच्या हृदयाचीही तपासणी शस्त्रक्रियेआधी केली जाते.

हर्शस्प्रुंगच्या विकारात जनुकांचा वाटा मोठा आहे. १९९४ मध्ये ‘रेट’ नावाच्या जनुकातील बिघाडाशी त्याचा संबंध सापडला आणि पुढे इतरही जनुके कळली. गंमत अशी की बिघडलेले जनुक असूनही आई किंवा वडील स्वतः पूर्ण निरोगी असू शकतात. अशा मुलाच्या सख्ख्या भावंडाला हा विकार होण्याची शक्यता सरासरी शंभरात चारच्या आसपास धरली जाते. मज्जापेशी नसलेला भाग जितका लांब, तितकी ती वाढते. म्हणजे शंभरातील बहुसंख्य भावंडे निरोगीच जन्मतात, पण पुढच्या बाळाच्या पहिल्या दोन दिवसांवर बारीक नजर हवी.

सिस्टिक फायब्रोसिसचा हिशेब सर्वांत स्पष्ट आहे. १९८९ मध्ये त्याचे जनुक सापडले. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते, त्यामुळे त्या माणसाला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. आईवडील दोघांचीही एकेक प्रत बिघडलेली असेल तरच प्रश्न येतो. मग प्रत्येक गर्भारपणात आजारी बाळाची शक्यता चारात एक असते. पहिले बाळ आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही. दर वेळी नव्याने तेच गणित असते. आणि यात दोष एकट्या आईचा असूच शकत नाही, कारण दोघांनी एकेक प्रत दिल्याशिवाय आजार होतच नाही. हा आजार गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे नाही, असे पूर्वी समजत. तो भारतातही आहे, फक्त पुष्कळदा ओळखला जात नाही, हे आता कळले आहे.

नात्यातले लग्न

महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. दक्षिणेकडे काही ठिकाणी सख्ख्या मामाशीही लग्न होते. मामेबहीण आणि आतेभाऊ यांच्या जनुकांपैकी सरासरी आठवा हिस्सा एकसारखा असतो. मामा आणि भाची यांचा चौथा हिस्सा. आजोबांकडे एखादे बिघडलेले जनुक असेल तर ते मुलाकडून नातीकडे आणि मुलीकडून नातवाकडे येते. त्या नातवाचे आणि नातीचे लग्न झाले की दोन्ही बिघडलेल्या प्रती एकाच बाळात येण्याची वाट मोकळी होते. नात्यातल्या जोडप्यांची बहुसंख्य मुले निरोगी असतात हे खरे, पण दोन्ही प्रती लागणाऱ्या दुर्मिळ आजारांचा धोका अशा घरांत वाढतो हेही तितकेच खरे.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील फ्रेंच भाषक समाजात एक अतिशय दुर्मिळ विकार आढळतो. त्यात जठरापासून गुदापर्यंत आतडे अनेक ठिकाणी बंद असते आणि बाळाची रोगप्रतिकारशक्तीही कमकुवत असते. थोड्या मूळ वसाहतवाल्यांपासून वाढलेल्या या समाजात एकच बिघडलेली प्रत पिढ्यान्पिढ्या फिरत राहिली. २०१३ मध्ये त्यामागचे जनुक सापडले. शस्त्रक्रियेने या बाळांना फारसे साधत नाही. म्हणून आतडे एकाहून अधिक ठिकाणी बंद असेल, आईवडील नात्यातले असतील किंवा घरात पूर्वी एखादे बाळ पोट फुगून गेले असेल, तर आनुवंशिक आजारांच्या तज्ज्ञाचा सल्ला जरूर घ्यावा.

शंका आली तर

बाळाने हिरवे ओकले, पोट ताणले गेले, ते दूध ओढेनासे झाले किंवा शी झाली नाही, तर सकाळची वाट पाहू नये. हिरव्या उलटीनंतर डॉक्टरांनी पाहीपर्यंत तोंडाने काही देऊ नये. जन्मघुटी, मध, एरंडेल, ग्राइप वॉटर यांपैकी काहीच नको. बेंबीभोवती हिंगाचा लेप लावून वाट पाहण्यात मोलाचे तास जातात. मेळघाटासारख्या भागात फुगलेल्या पोटाला तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची प्रथा आहे. तिने आतला अडथळा तर सुटत नाहीच, वर भाजल्याची जखम आणि जंतुसंसर्ग यांची भर पडते.

मोठे रुग्णालय दूर असेल तर आधी जवळच्या दवाखान्यात बाळाच्या नाकातून जठरात बारीक नळी घालून घ्यावी आणि सलाइन लावून घ्यावे. नळीमुळे तुंबलेले पित्त बाहेर येते आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका टळतो. प्रवासात बाळाला टोपी, मोजे घालून उबेत ठेवावे. थंड पडलेले बाळ भूल आणि शस्त्रक्रिया यांना नीट तोंड देऊ शकत नाही. शक्य असेल तर आईला बरोबर न्यावे. बाळ पीत नसले तरी तिने दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहावे, म्हणजे पुढे ते आटलेले नसते. आतडे जोडल्यानंतर तेच दूध बाळाला सर्वांत चांगले पचते.

अशी शस्त्रक्रिया जिथे बालशल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे तिथेच व्हावी. मोठ्या शहरांतील अनेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ही सोय असते. मुंबईचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय, दिल्लीची एम्स अशा संस्थांत ही कामे नेहमीची आहेत. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळावर मोफत उपचाराची आणि ने-आणीची तरतूद आहे. तिची चौकशी नातेवाइकांनी न लाजता करावी. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत बाळ घरी ठेवणे ही सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे.

शस्त्रक्रियेनंतर आतडे लगेच चालू लागत नाही. काही दिवस, कधी काही आठवडे बाळाला शिरेतून पोषण द्यावे लागते. काही बाळांना पोटावर शीसाठी तात्पुरता मार्ग काढून देतात आणि तो काही महिन्यांनी बंद करतात. तो पाहून आजी-आजोबा हबकतात, पण आठवड्याभरात आई पिशवी बदलायला सहज शिकते. बाळ वेळेवर पोहोचले, दिवस भरलेले असले आणि दुसरे मोठे दोष नसले, तर चांगल्या केंद्रांत अशी दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त बाळे वाचतात आणि इतर मुलांसारखीच वाढतात.

पुढच्या खेपेला

पुढचे गर्भारपण ठरवण्याआधी पहिल्या बाळाचे कागद घेऊन तज्ज्ञाला भेटावे. अडथळा नेमका कुठे होता, गुणसूत्रांची तपासणी झाली का, मज्जापेशींचा अहवाल काय, घामाची चाचणी केली का, यावर सगळा सल्ला अवलंबून असतो. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत प्रत्येक अडथळा दिसतोच असे नाही. ड्युओडिनमचा अडथळा तर अनेकदा आणखी उशिरा दिसतो. त्यामुळे शेवटच्या तिमाहीतील तपासणी टाळू नये. अडथळा दिसला म्हणून गर्भ नकोसा करण्याची घाईही करू नये. एकट्या आतड्याचा दोष बहुधा दुरुस्त होणारा असतो. मात्र बाळंतपण शस्त्रक्रियेची सोय असलेल्या गावी ठरवावे. जन्मलेल्या बाळाला रात्री रुग्णवाहिकेत घालून नेण्यापेक्षा त्याला आईच्या पोटातूनच तिथवर नेणे केव्हाही सुरक्षित.

बाळाच्या शस्त्रक्रियेचे कागद कपाटात कायमचे जपून ठेवावेत. मूल मोठे होईल, शाळेत जाईल, पोटावरचा व्रण कशाचा म्हणून विचारील. तेव्हा त्याला खरे ते सांगावे. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी त्याच्या स्वतःच्या घरी पाळणा हलायची वेळ येईल. तेव्हा त्याच्या डॉक्टरांना याच कागदांची गरज पडेल.